अर्धा कोयता : नावाविना राहिलेल्या बायकांचा इतिहास

दसरा झाला की नांदूरघाटच्या चौकात मुकादमांच्या फेऱ्या वाढतात. दिवाळीच्या आगेमागे ट्रक आणि ट्रॅक्टर उभे राहतात. गोधड्या, पत्र्याची पेटी, पीठमिठाचे डबे, चुलीचं जळण, एखादी शेळी, कोंबड्यांचं खुराडं आणि या सगळ्याच्या वर बसलेली माणसं. हा दिवाळी अंक वाचकांच्या हाती पडेल, तेव्हा केज तालुक्यातल्या आमच्या वाड्यावस्त्यांवर अनेक घरांना कुलूप लागलेलं असेल आणि ओसरीवर फक्त म्हातारी माणसं उरलेली असतील. मी स्वतः अशाच एका ट्रकमध्ये माझ्या मायच्या मांडीवर बसून पहिल्यांदा कोल्हापूरकडे गेलो. आज मी माध्यमिक शाळेत इतिहास शिकवतो. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे, हे मला फार उशिरा कळलं.

चार वर्षांपूर्वी नववीच्या वर्गात एकोणिसाव्या शतकातल्या स्थलांतरांबद्दल बोलत होतो. ऑस्ट्रेलियात सोनं सापडलं, जगभरातून माणसं तिकडे धावली, असं सांगत असताना मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "सर, बाया पण गेल्या होत्या का? लेकरं कुठं ठेवली त्यांनी?" तिची स्वतःची आई त्या दिवशी सांगली जिल्ह्यात उसाच्या फडात होती. माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते शोधायला लागलो आणि एका आयरिश बाईपर्यंत जाऊन पोहोचलो. तिथून परत फिरलो तो थेट आमच्या घराच्या उंबऱ्यावर. या लेखात त्या येण्याजाण्याची हकीकत आहे.

भूक, जहाज आणि लाकडी पेटी

१८४१ च्या जनगणनेनुसार आयर्लंडची लोकसंख्या ऐंशी लाखांहून जास्त होती. गरिबांचं मुख्य अन्न बटाटा. १८४५ मध्ये बटाट्यावर रोग आला आणि पुढची काही वर्षं पीक वारंवार बुडत राहिलं. भुकेने आणि तापाच्या साथींनी सुमारे दहा लाख माणसं मेली, जवळपास तितकीच देश सोडून गेली. देशात धान्य पिकत होतं आणि ते बाहेर विकलंही जात होतं, पण खंड भरून कंगाल झालेल्या कुळांना ते विकत घेणं शक्य नव्हतं. आपल्याकडे १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात हेच घडलं, म्हणून मराठी वाचकाला ही गोष्ट वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही.

या दुष्काळातून ऑस्ट्रेलियात गेलेल्यांमध्ये एक गट फार वेगळा होता. १८४८ ते १८५० या काळात आयर्लंडच्या अनाथ-गरीबगृहांमधून चार हजारांहून अधिक मुली सरकारी खर्चाने तिकडे पाठवल्या गेल्या. तिथल्या वसाहतीत मोलकरणी हव्या होत्या, बायकाही हव्या होत्या. प्रत्येक मुलीला एक लाकडी पेटी मिळायची. त्या पेटीत किती कपडे, किती मोजे, बुटांचे किती जोड असावेत हे ठरलेलं होतं. मुलगी जहाजातून उतरली की यादीत तिचं नाव, वय, मूळ गाव, धर्म आणि लिहितावाचता येतं की नाही, याची नोंद व्हायची. या पोरींना तिथे मान मिळाला असं नाही. वर्तमानपत्रांनी त्यांची टिंगल केली, मालकांनी तक्रारी केल्या. पण त्यांची नावं राहिली. आज दीडशेहून अधिक वर्षांनी कोणी आपल्या खापरपणजीचा शोध घेत त्या यादीपाशी जातो, तेव्हा ती तिथे सापडते.

१८५१ मध्ये न्यू साउथ वेल्स आणि व्हिक्टोरियात सोनं सापडल्याची बातमी पसरली. अनाथ मुलींपैकी अनेकींची लग्नं सोनं खणणाऱ्या मजुरांशी झाली आणि त्या तंबूंच्या वस्तीत राहायला गेल्या. तिथे सोन्याहून जास्त चिखल होता. बाई कापड धुऊन देई, भाकरी भाजून विके, दुकान चालवी, चोरून दारू विकी, नवऱ्याने खणलेली माती पाळण्यासारख्या लाकडी चाळणीत हलवून धुई. बाळंतपण कापडी छताखाली होई. आणि सोनं मिळो न मिळो, खणणाऱ्याला महिन्याला तीस शिलिंग भरून सरकारी परवाना घ्यावा लागे. परवाना नसेल तर पोलीस धरून नेत.

निशाण शिवणारी बाई

अ‍ॅनास्टेशिया हेज ही मूळची आयर्लंडमधल्या किल्केनीची. ती नवरा टिमथी आणि मुलांसह १८५२ मध्ये व्हिक्टोरियात आली आणि मग ही मंडळी बॅलरटच्या सुवर्णक्षेत्रावर गेली. तिथे ती कॅथलिक शाळेत शिकवू लागली. परवान्याविरुद्ध असंतोष पेटला तेव्हा १८५४ च्या नोव्हेंबरमध्ये झालेल्या मोठ्या सभेत टिमथी अध्यक्षस्थानी होता. त्या सभेत निळ्या कापडावर पांढरा क्रूस आणि तारे असलेलं निशाण फडकलं. परंपरेने ते शिवल्याचं श्रेय तीन बायकांना दिलं जातं आणि त्यांत अ‍ॅनास्टेशियाचं नाव आहे. ३ डिसेंबर १८५४ च्या पहाटे सैन्याने युरेका इथल्या मजुरांच्या कुंपणावर हल्ला केला. पुढारी पीटर लेलर याचा हात गोळीने इतका निकामी झाला की तो कापावा लागला. त्या वेळी मदतीला अ‍ॅनास्टेशिया होती, असं सांगितलं जातं.

टिमथीवर राजद्रोहाचा खटला चालला आणि १८५५ मध्ये तो सुटला. पुढे तो तिला आणि मुलांना सोडून निघून गेला. ती बॅलरटलाच राहिली, राबून मुलं वाढवली आणि १८९२ मध्ये वारली. पगारावरून तिने चर्चच्या अधिकाऱ्यांशीही भांडण मांडलं होतं. तिच्याविषयी कागदपत्र उरले त्यात या भांडणाचा मोठा वाटा आहे. भांडणारी बाई कागदावर येते, सोसणारी येत नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याने हे ध्यानात ठेवावं.

युरेकाच्या इतिहासात लेलर आणि त्याचे साथीदार शतकभर झळकत राहिले. क्लेअर राइट या इतिहासकार बाईने २०१३ मध्ये त्या लढ्यातल्या स्त्रियांवर मोठा ग्रंथ लिहिला, तेव्हा चित्र बदललं. चार्ल्स इव्हान्स नावाच्या तरुणाच्या रोजनिशीत एका अंत्ययात्रेची नोंद आहे. ती एका बाईची होती. नवऱ्याच्या जिवाची भीक मागत असताना तिला एका घोडेस्वार शिपायाने मारलं, असं तो लिहितो. तिचं नाव मात्र त्याने लिहिलेलं नाही. त्या पहाटे मेलेल्या पुरुषांच्या नावांची यादी झाली, स्मारक झालं. ही बाई मात्र 'एक बाई' म्हणूनच राहिली.

इथवर वाचलं आणि मी पुस्तक मिटलं. मला माझी माय आठवली.

पाणी एकीकडे, माणसं दुसरीकडे

ऊसतोडीचा इतिहास सांगायचा तर सुरुवात पाण्यापासून करावी लागते. प्रवरेवरचं भंडारदरा धरण १९२६ मध्ये पूर्ण झालं. नीरा, गोदावरी, प्रवरा यांच्या कालव्यांनी नगर-पुण्याच्या कोरड्या पट्ट्यात ऊस आणला. १९३२ मध्ये साखर उद्योगाला सरकारी संरक्षण मिळालं आणि खासगी कारखाने वाढले. १९५० मध्ये विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरेकाठी लोणीला सहकारी कारखान्याचं पहिलं गाळप झालं. त्यापाठोपाठ पश्चिम महाराष्ट्रात चिमण्या उभ्या राहत गेल्या.

या काळात आमचा बीड जिल्हा कुठे होता? १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात. बालाघाटच्या रांगांवरची मुरमाड जमीन, पर्जन्यछायेतला बेभरवशाचा पाऊस, ज्वारी-बाजरीचं एक पीक आणि ते निघालं की सहा महिने हाताला काम नाही. एका बाजूला पाणी, पीक आणि यंत्र, दुसऱ्या बाजूला रिकामे हात. या दोहोंना जोडणारा माणूस म्हणजे मुकादम.

ऊस तोडल्यापासून गाळपाला जितका उशीर, तितकी साखर घटते. म्हणून तोडणी आणि वाहतूक कारखाने स्वतःच्या हाती ठेवतात आणि त्यासाठी सांगाल तेव्हा, सांगाल तिथे राबणारी टोळी लागते. गावातला मजूर संध्याकाळी घरी जातो, सणाला सुट्टी मागतो. दोनशे-तीनशे किलोमीटरवरून आणलेला, आगाऊ पैशाने बांधलेला मजूर जाणार कुठे? या आगाऊ पैशाला 'उचल' म्हणतात. ती पावसाळ्यातच घेतलेली असते आणि बी-बियाणं, दवाखाना, लग्न यांत गेलेलीही असते. बॅलरटच्या मजुराला सोनं लागलं नाही तरी परवाना चुकत नव्हता. आमच्याकडे ऊस कमी निघाला, कारखाना लवकर बंद झाला, तरी उचल फिटत नाही. ती पुढच्या सालावर जाते.

१९७२ च्या दुष्काळाने ही वाट रुंद केली. जनावरं विकली गेली, विहिरी आटल्या, आणि ज्यांनी कधी गाव सोडलं नव्हतं, तेही कोयता घेऊन निघाले.

कोयत्याचा हिशोब

इथे एका शब्दाकडे लक्ष वेधायचं आहे. कोयता म्हणजे ऊस तोडायचं हत्यार, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण मुकादमाच्या भाषेत कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. "यंदा वीस कोयते आहेत" म्हणजे चाळीस माणसं. एकटा माणूस आला तर तो 'अर्धा कोयता'. उचल कोयत्याला मिळते, मजुरी कोयत्याला मिळते, खाडा झाला तर दंडही कोयत्याला बसतो.

जोडीच का? कारण त्यात मुकादमाला आणि कारखान्याला दोन मजूर मिळतात आणि वर एक अख्खा संसार फुकट मिळतो. स्वयंपाक, पाणी, धुणं, लेकरं, आजारपण यांचा खर्च कोणालाच करावा लागत नाही. बाई पहाटे तीनला उठते. कोपीसमोर चूल पेटवून दिवसभराच्या भाकरी थापते. उजाडायच्या आत फडात जाते. ऊस तोडायचा, पाचट सोलायचं, वाढं वेगळं करायचं, मोळ्या बांधायच्या. मग डोक्यावर मोळी घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून वर चढायचं. ट्रक रात्री अकराला आला तर रात्री अकराला भरायचा. वाढं विकून आलेल्या चार पैशांतून मीठ-मिरची. पुन्हा पाणी, पुन्हा चूल.

२०२४ च्या जानेवारीत तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढून टनाला ३६६ रुपये झाला. एका जोडीने राबून दिवसाला दोन टन ऊस तोडला, तर दोघांचे मिळून ७३२ रुपये झाले. त्यात तिचे किती, हा प्रश्न कोणत्याही हिशोबात येत नाही. पैसे नवऱ्याच्या हाती जातात आणि तेही उचलीतून वळते झाल्यावर.

कोयता पुरा व्हायला बायको लागते, म्हणून लग्नं लवकर होतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीड जिल्ह्यातल्या वीस ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांपैकी शंभरात चाळीसहून अधिक जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. आईबाप फडावर जाणार, वयात आलेली पोर गावात कोणाच्या भरवशावर ठेवायची, हाही घोर असतोच. दोन्हीकडून फास एकच.

आणि मग शरीराचा हिशोब. फडात आडोसा नाही, पाणी नाही, पाळीत विश्रांती नाही. अंगावरून जायला लागलं की गावाकडच्या दवाखान्यात 'पिशवी काढून टाका' हा सल्ला. २०१९ मध्ये या गोष्टीचा बोभाटा झाला. विधान परिषदेच्या तेव्हाच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारने समिती नेमली. जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. म्हणजे दर सहा जणींत एक. आमच्या गल्लीत हे प्रमाण मोजायला मला समितीची गरज नव्हती. 'पिशवी काढली' हे शब्द मी लहानपणी 'दात काढला' इतक्या सहज ऐकले आहेत.

मुकादमाची वही

राज्य सरकारने ऊसतोड कामगारांची ग्रामसेवकांमार्फत नोंदणी करून ओळखपत्रं द्यायचं ठरवलं, तेव्हा मला वाटलं, मायच्या आयुष्यभराच्या कामाची कुठेतरी नोंद शोधावी. ती आता फडावर जात नाही, ओळखपत्राचा तिला उपयोगही नाही. पण माझ्यातला इतिहासाचा मास्तर गप्प बसेना. लग्न झाल्यापासून पाठ मोडेपर्यंत तिने बावीस हंगाम केले. बावीस हंगामांचा एक तरी कागद असेलच ना?

आमच्या जुन्या मुकादमाच्या घरच्यांनी माळ्यावरच्या वह्या मला पाहू दिल्या. लाल कापडी बांधणीच्या, कडा कुरतडलेल्या. वडिलांचं नाव सापडलं. एका वर्षी नव्हे, अनेक वर्षी. नावापुढे '१ कोयता', त्यापुढे उचल, त्यापुढे खाडे, शेवटी बाकी आणि वडिलांचा अंगठा. पान उलटत गेलो. शेकडो पुरुषांची नावं होती. बाई एकही नव्हती. माझी माय त्या वहीत होती, पण 'कोयता' या शब्दाच्या आत.

एका वर्षी वडिलांच्या नावापुढे सात खाडे लिहिलेले दिसले. साल पाहिलं आणि ओळखलं. त्या हंगामात माझी धाकटी बहीण फडावरच्या कोपीत जन्मली. शाळेच्या दाखल्यावर तिचं जन्मगाव म्हणून आमच्याच गावाचं नाव आहे. ती जिथे जन्मली, त्या शिवाराचं नाव कोणत्याही कागदावर नाही. तिच्या जन्माचा एकमेव लेखी पुरावा म्हणजे ते सात खाडे. सातव्या दिवसानंतर माय पुन्हा मोळ्या बांधत होती.

घरी येऊन मायला सांगितलं. ती निवडत असलेल्या ज्वारीतून मान वर न करता म्हणाली, "आमचं नाव कशाला लिवतेत रे? आमी काय त्याच्याकडून पैसे घेतले व्हते?" मग थोडं थांबून म्हणाली, "एकदा व्हतं माझं नाव. बहात्तरला. खडी फोडायला गेलो तवा. सायब हजेरीला माझं नाव घेऊन हाक मारायचा."

हे ऐकून मी चकित झालो, पण ते खरं होतं. बहात्तरच्या दुष्काळी कामांवर आणि नंतर रोजगार हमीच्या कामांवर हजेरीपट माणसागणिक असे. खडी फोडणाऱ्या बाईचं नाव वेगळं, तिची हजेरी वेगळी, तिचा अंगठा वेगळा. सुकडी खाऊन उन्हात दगड फोडणारी चौदा वर्षांची पोर सरकारच्या कागदावर एक पूर्ण मजूर होती. दोन वर्षांनी तिचं लग्न झालं, ती उसाला गेली आणि अर्धा कोयता झाली. बाईचं काम कमी झालं नव्हतं, ते वाढलं होतं. फक्त ते मोजायची रीत बदलली होती.

नाव लिहून घेण्याचं काम

ऊसतोड मजुरांचा लढ्याचा इतिहास आहे आणि तो मोठा आहे. संप झाले, लवाद बसले, बबनराव ढाकणे आणि गोपीनाथ मुंडे यांच्यासारखे नेते त्यातून उभे राहिले, दर वाढले. पुढे मुंडे यांच्या नावाने कल्याण महामंडळही आलं. पण संपाच्या काळात फडावर न गेलेल्या बायकांनी घरात चूल कशी पेटती ठेवली, हे कुठेही आलेलं नाही. अलीकडे महिला किसान अधिकार मंचासारख्या संघटना ऊसतोड बाईला स्वतंत्र कामगार म्हणून मोजा, तिची मजुरी तिच्या हाती द्या, अशी मागणी करत आहेत. माझ्या मते सगळ्या मागण्यांच्या मुळाशी हीच मागणी आहे. जी मोजलीच जात नाही, तिला पाळणाघर कोणाच्या नावावर देणार? बाळंतपणाची रजा, अपघाताची भरपाई कोणाला देणार?

आयर्लंडच्या अनाथ पोरींना ज्यांनी जहाजात चढवलं, त्यांना त्यांच्याविषयी फार माया होती असं मानायचं कारण नाही. सरकारला खर्चाचा हिशोब ठेवायचा होता, म्हणून यादी झाली. तरीही त्या यादीने पुढच्या पिढ्यांना त्यांच्या आज्या परत दिल्या. आमच्याकडे ट्रकमध्ये चढणाऱ्या बाईची यादी कोणी केली नाही, कारण ती कोणाच्या हिशोबात वेगळी धरलेलीच नव्हती.

गेल्या उन्हाळ्यात कारखान्यांचा पट्टा पडला, माणसं गावात परतली, तेव्हा वर्गातल्या मुलींना मी एक गृहपाठ दिला. घरातल्या आणि शेजारच्या ऊसतोड बायकांची नावं लिहून आणायची. नाव, माहेर, पहिला हंगाम कोणत्या साली, कुठल्या भागात, बरोबर किती लेकरं होती आणि कोणतं बाळंतपण कुठे झालं. सालं आठवत नाहीत, ही पहिली अडचण आली. मग मुलींनीच तोड काढली. कोणत्या दुष्काळानंतर, कोणाच्या लग्नानंतर, लातूरच्या भूकंपाच्या आधी की नंतर, असं विचारत त्या सालापर्यंत पोहोचल्या. मागच्या बाकावरच्या त्या मुलीची धाकटी बहीण आता माझ्या वर्गात आहे. तिने आपल्या आजीचे हंगाम मोजून आणले. एकोणतीस.

वही साधी आहे, दोनशे पानी. शाळेच्या कपाटात ठेवली आहे. पहिल्या पानावर पहिलं नाव माझ्या मायचं आहे. ते मी तिच्यासमोर लिहिलं. तिला वाचता येत नाही, म्हणून वाचूनही दाखवलं. ती म्हणाली, "माहेरचं नाव लाव. उसाला जायच्या आधीचं." तसं लावलं.

यंदा दसऱ्याला ट्रक लागले, तेव्हा दोघी-तिघी पोरी ती वही घेऊन चौकात उभ्या होत्या. चढणाऱ्या प्रत्येक बाईला थांबवून नाव विचारत होत्या. घाई होती, मुकादम ओरडत होता. तरी बाया थांबून नाव सांगत होत्या.